जुन्या अंकांसाठी विंडोज ९८: व्हर्च्युअल मशीनच्या प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. एका छोट्या नियतकालिकाचे १९९० च्या दशकातले अंक एका १६-बिट मांडणी-प्रोग्राममध्ये जुळवलेले आहेत. काही अंकांच्या छापील प्रती उरल्या आहेत, काहींची एकही नाही. संपादकांनी फाइली मात्र नीट जपल्या: बऱ्याच सीडींवर, थोड्या फ्लॉपींवर. प्रोग्रामच्या मूळ डिस्क आणि विंडोज ९८ सेकंड एडिशनची सीडी, किल्लीच्या (स्थापनेच्या वेळी द्यायच्या क्रमांकाच्या) कागदासकट, त्याच खोक्यात मिळाली. हे सगळ्यात मोठं भाग्य, कारण फाइल आहे पण ती उघडणारा प्रोग्राम नाही, अशी अवस्था फार सामान्य आहे.

आजच्या ६४-बिट विंडोजवर हा प्रोग्राम सुरूच होत नाही. १६-बिट प्रोग्राम चालवणारी उपव्यवस्था ६४-बिट विंडोजमध्ये ठेवलेलीच नाही. लिनक्सवर वाइन या विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या साधनात असे प्रोग्राम चालू शकतात, पण मला नुसता प्रोग्राम नको आहे. त्याचे फॉन्ट, त्याचा प्रिंटर ड्रायव्हर, त्याच्या ओळी जिथे तुटत होत्या तिथेच तुटणं, हे सगळं हवं आहे. पान जसं होतं तसं पाहायचं तर त्याच्या खालची प्रणालीही तीच लागते. म्हणून आजच्या संगणकात (होस्टवर) सॉफ्टवेअरने उभा केलेला आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, आणि त्याच्या आत गेस्ट म्हणून विंडोज ९८.

४ जानेवारी

आज फक्त सीडी आणि फ्लॉपी वाचल्या. फाइली एकेक कॉपी करण्याऐवजी प्रत्येक डिस्कची पूर्ण इमेज, म्हणजे बाइटन् बाइट उतरवलेली एकच फाइल, घेतली. जीएनयू डीडीरेस्क्यू हे त्यासाठी उत्तम साधन आहे. ते आधी सोपे भाग वाचून घेतं, खराब जागा नकाशाच्या फाइलीत टिपून ठेवतं आणि मग त्याच जागांवर परत जातं. त्यामुळे वाचन मध्येच थांबवलं तरी पुढे तिथूनच सुरू करता येतं. एक सीडी एका ड्राइव्हवर अडत होती. तोच नकाशा ठेवून दुसऱ्या ड्राइव्हवर वाचली, उरलेले सेक्टर भरून आले.

फ्लॉपीची इमेज बरोबर १४,७४,५६० बाइटची झाली पाहिजे. आकार कमी भरला तर वाचन अपुरं आहे हे न उघडताच कळतं. प्रत्येक इमेजचा शा-२५६ (फाइलीवरून काढलेला ओळख-आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) काढून बाजूला लिहिला. इथून पुढे मूळ डिस्कना हात लावायचा नाही.

१० जानेवारी

विंडोज ९८ च का, हे ठरवण्यात सकाळ गेली. ३२-बिट विंडोज एक्सपीवरही हा प्रोग्राम चालला असता, आणि एक्सपी व्हर्च्युअल मशीनमध्ये कितीतरी शांतपणे नांदते. पण एक्सपीपासून ॲक्टिव्हेशन, म्हणजे प्रणाली वापरायला मायक्रोसॉफ्टची परवानगी घेणं, आलं. मशीनचे भाग बदलले की ती प्रणाली पुन्हा परवानगी मागू शकते, आणि मला तर हे मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवता यायला हवं, तेही अनेक वर्षांनी. विंडोज ९८ ला किल्ली एकदा दिली की पुरे. शिवाय अंकांच्या शेवटच्या वर्षांत संपादक हीच प्रणाली वापरत होते.

चालवायचं कशात? ८६बॉक्ससारखा एम्युलेटर खरंखुरं जुनं मशीन उभं करतो: मदरबोर्डचा विशिष्ट चिपसेट, विशिष्ट ग्राफिक्स कार्ड, अगदी मशीन सुरू करणारा त्या काळचा बायोसही. त्यात प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमधून जाते, म्हणून अचूकपणा जास्त आणि वेग कमी. व्हर्च्युअलायझेशनमध्ये गेस्टच्या बहुतेक सूचना थेट होस्टच्या प्रोसेसरवर धावतात. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ९८ बसते, पण तिच्यासाठी गेस्ट ॲडिशन्स नाहीत, त्यामुळे माउस आणि सामायिक फोल्डरची सोय मिळत नाही. मी क्यूएमू घेतलं. त्यात दोन्ही वाटा आहेत. केव्हीएम (लिनक्समधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) चालू केलं तर व्हर्च्युअलायझेशन, बंद केलं तर सूचनांचं भाषांतर करणारा एम्युलेटर. एकच डिस्क इमेज दोन्ही प्रकारे चालवून पाहता येते, आणि दोष कुठे आहे ते शोधताना हीच गोष्ट उपयोगी पडते.

११ जानेवारी

आज मशीनची रचना ठरवली. माझं ठाम मत आहे की जुनी प्रणाली नीट चालवायची असेल तर तिला तिच्या काळातलंच मशीन द्यावं. आजच्या होस्टवर मेमरी आणि जागा मुबलक असते, आणि सढळ हाताने दिली की तिथेच बिनसायला सुरुवात होते.

मेमरी २५६ एमबी. विंडोज ९८ ची किमान गरज १६ एमबी होती, तेव्हा हे भरपूर झालं. ५१२ एमबीच्या वर गेलं की डिस्क-कॅश (डिस्कवरून वाचलेल्या माहितीचा मेमरीतला साठा) सांभाळणारा व्हीकॅश हा भाग मेमरीच्या प्रमाणात स्वतःसाठी पत्त्यांची जागा अडवतो, आणि मग इतरांना ती पुरत नाही. गंमत म्हणजे तेव्हा पडद्यावर येणारा संदेश मेमरी अपुरी असल्याचा असतो. सिस्टिम.आयएनआय फाइलीत व्हीकॅशच्या विभागात कॅशची कमाल मर्यादा लिहून यातून वाट काढता येते. पण मला जास्त मेमरीचा उपयोगच नाही, मग कशाला?

डिस्क ४ जीबी, फाइलव्यवस्था फॅट३२. विंडोज ९८ सोबतचा, डिस्कचे विभाग पाडणारा मूळ एफडिस्क ६४ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कचा आकार चुकीचा दाखवतो, आणि आयडीई ड्रायव्हर २८-बिट पत्ते वापरत असल्याने १३७ जीबीच्या पुढे पाहू शकत नाही. चार जीबीत प्रणाली, प्रोग्राम, सगळे अंक मावून जागा उरते. इमेजचा प्रकार क्यूकाऊ२, म्हणजे प्रत्यक्षात जितकं लिहिलं तितकीच फाइल वाढते.

ग्राफिक्स सिरस लॉजिक, कारण त्याचा ड्रायव्हर विंडोज ९८ च्या सीडीतच आहे. प्रोसेसर पेंटियम २ असा दाखवायचा. घड्याळ स्थानिक वेळेवर: क्यूएमू मुळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) देतं, आणि विंडोज ९८ मशीनचं घड्याळ ही स्थानिक वेळ समजते. नेटवर्क कार्ड दिलं नाही. ज्या प्रणालीच्या सुरक्षा दुरुस्त्या जुलै २००६ मध्ये थांबल्या तिला जाळ्यावर सोडायचं काहीच कारण नाही. सीडीतला ब्राउझर आजची टीएलएस सुरक्षा समजत नसल्याने तिथे जाऊनही काही उघडलं नसतं.

१७ जानेवारी

स्थापना. सीडीवरून बूट, एफडिस्कने विभाग, मग फॉरमॅट. पुढचं पाऊल महत्त्वाचं: सीडीतलं विन९८ हे फोल्डर आधी सी ड्राइव्हवर कॉपी केलं आणि स्थापना तिथून सुरू केली. नंतर प्रत्येक ड्रायव्हर टाकताना प्रणाली कॅब फाइली (स्थापनेच्या फाइलींचे दाबून ठेवलेले गठ्ठे) मागते. त्या डिस्कवरच असल्या की सीडीची इमेज पुन्हा पुन्हा जोडावी लागत नाही. कॉपी करण्याआधी स्मार्टड्राइव्ह हे डॉसचं डिस्क-कॅश चालू केलं. ते केलं नाही तर डॉसमधून इतक्या फाइली हलवायला फार वेळ जातो.

निळ्या पडद्यावरची ती पट्टी, डाव्या बाजूला टप्प्यांची यादी, उरलेल्या मिनिटांचा अंदाज, सगळं आठवणीतलं. फाइली उतरल्या, मशीन पुन्हा सुरू झालं आणि ‘विंडोज प्रोटेक्शन एरर’ येऊन थांबलं. परत सुरू केल्यावर थोडं पुढे गेलं आणि एक्सप्लोरर कर्नल३२.डीएलएल मध्ये कोसळला. आणखी एकदा केलं तर तिसराच संदेश.

दर वेळी वेगळ्या जागी पडणारी चूक सहसा खराब सीडीची नसते. तरीही इमेजचा शा-२५६ पडताळला, जुळला. मग केव्हीएम बंद करून तीच डिस्क निव्वळ एम्युलेटरवर सुरू केली. मंद, पण एकही चूक न येता डेस्कटॉपपर्यंत पोचली. म्हणजे फाइली शाबूत आहेत. फरक आहे तो खरा प्रोसेसर आणि विंडोज ९८ यांच्यातला.

१८ जानेवारी

हा दिवस पूर्ण त्या एका चुकीवर घालवला, आणि त्याचं समाधान आहे.

प्रोग्राम मेमरीचे जे पत्ते वापरतो ते खरे नसतात. प्रणाली पेज टेबल नावाच्या तक्त्यात लिहून ठेवते की हा आभासी पत्ता म्हणजे प्रत्यक्ष मेमरीतली ती जागा. दर वेळी तक्ता पाहायचा तर काम रखडेल, म्हणून प्रोसेसर नुकत्याच पाहिलेल्या नोंदी स्वतःजवळ ठेवतो. तो साठा म्हणजे टीएलबी. प्रणालीने तक्त्यात बदल केला की प्रोसेसरला सांगावं लागतं: जुनी नोंद टाकून दे. सांगितलं नाही तर प्रोसेसर जुन्याच पत्त्यावर जात राहतो, घर बदललेल्या माणसाची पत्रं जुन्या घरी टाकावीत तसा.

विंडोज ९५ पासून एमईपर्यंतच्या घराण्यात काही ठिकाणी हे सांगायचं राहून गेलेलं आहे. तेव्हाच्या प्रोसेसरांवर ते खपून जात होतं. पेंटियम २ मध्ये डेटासाठी अशा ६४ नोंदी मावत. इतक्या लहान साठ्यात जुनी नोंद फार काळ टिकत नाही, नव्या नोंदी तिला ढकलून देतात. एएमडीच्या झेन २ रचनेत दुसऱ्या पातळीचा डेटा-साठा २०४८ नोंदींचा आहे. एएमडीचे झेन २ आणि त्यानंतरचे प्रोसेसर, तसेच इंटेलचे अलीकडचे, यांच्यावर नेस्टेड पेजिंगसह (गेस्टचा तक्ता प्रोसेसर स्वतःच वाचतो त्या सोयीसह) व्हर्च्युअलायझेशन केलं की विंडोज ९८ अशीच दिशाहीन कोसळते. माझा होस्ट याच गटातला. एम्युलेटरवर ती चालली, कारण तिथे हा साठा सॉफ्टवेअरने वेगळ्या रीतीने सांभाळलेला असतो.

यावर पॅचर९एक्स नावाचा मुक्त स्रोत पॅच आहे. तो फ्लॉपी इमेजवरून बूट होतो, विंडोजचं फोल्डर विचारतो आणि व्हीएमएम३२.व्हीएक्सडी या फाइलीतला मेमरी सांभाळणारा भाग दुरुस्त करतो. ही फाइल सीडीवर तयार अशी नसते. स्थापनेच्या वेळी त्या मशीनला लागणारे भाग जोडून ती तिथल्या तिथे बनवली जाते. म्हणून पॅच एकतर स्थापनेच्या कॅब फाइलींना आधीच लावायचा, नाहीतर फाइली उतरल्यानंतर लावायचा. मी कोरी डिस्क घेऊन स्थापना पहिल्यापासून केली आणि फाइली उतरल्यावर, पहिल्यांदा पुन्हा सुरू होण्याआधी, पॅच लावला. केव्हीएम चालू. सरळ डेस्कटॉप.

त्याच पॅचमध्ये वेगाच्या दोषावरही उपाय आहे. विंडोज ९५ चे काही ड्रायव्हर सुरू होताना एक ठरावीक आवर्तन फिरवून त्याला किती मिलिसेकंद लागले ते मोजत आणि त्या आकड्याने भागत. प्रोसेसर इतके वेगवान झाले की मोजमाप शून्यावर आलं, आणि शून्याने भागणं म्हणजे तिथेच पूर्णविराम. २.१ गिगाहर्ट्झच्या पुढच्या प्रोसेसरांवर नेटवर्कचा एनडीआयएस हा भाग याच कारणाने पडायचा. आपल्यापेक्षा एवढी वेगवान यंत्रं येतील हे तो कोड लिहिणाऱ्यांनी हिशेबात धरलं नव्हतं. त्यांच्यासमोर जी यंत्रं होती त्यांच्यासाठी तो कोड योग्यच होता.

मशीनच्या या अवस्थेचा स्नॅपशॉट घेतला: ‘पॅचनंतर, ड्रायव्हरआधी’.

२४ जानेवारी

डेस्कटॉप ६४० बाय ४८० आणि सोळा रंगांत अडकलेला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिरस कार्डाचा पत्ताच नाही, ‘प्लग अँड प्ले बायोस’ या ओळीवर पिवळं उद्गारचिन्ह. बायोसचा हा भाग नीट जुळला नाही म्हणून कार्डं जोडणारी पीसीआय बसच सापडली नाही, आणि तिच्यावरची सगळी कार्डं अदृश्य राहिली. उपाय सोपा आहे पण सुचायला कठीण. त्याच ओळीचा ड्रायव्हर बदलायचा, ‘सर्व हार्डवेअर दाखवा’ निवडायचं, सिस्टिम डिव्हाइसेसच्या यादीतून ‘पीसीआय बस’ घ्यायची. मशीन पुन्हा सुरू झालं आणि नवी हार्डवेअर सापडल्याच्या खिडक्यांची रांग लागली. प्रत्येक ड्रायव्हर सी ड्राइव्हवरच्या फोल्डरातून. शेवटी ८०० बाय ६००, पूर्ण रंगांत.

साउंड ब्लास्टर १६ ही जोडला, पत्ता २२०, आयआरक्यू ५. अंकांच्या कामाला आवाज लागत नाही, पण सुरू होतानाची ती धून ऐकायची होती. ऐकली.

डिस्कच्या गुणधर्मांत डीएमएची (प्रोसेसरला न गुंतवता डिस्क आणि मेमरीतली ने-आण) खूण केली. मोठी फाइल कॉपी करताना फरक लगेच जाणवतो.

२५ जानेवारी

छोटी नोंद. मशीन बंद करताना ते स्वतः बंद होत नाही, काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचा संदेश येऊन थांबतं. तो येण्याआधी क्यूएमूची खिडकी बंद करायची नाही, नाहीतर पुढच्या वेळी स्कॅनडिस्क सगळी डिस्क तपासत बसतो. वीज जाणं आणि खिडकी बंद करणं या गेस्टच्या दृष्टीने सारख्याच घटना आहेत.

३१ जानेवारी

फाइली आत-बाहेर कशा न्यायच्या? नेटवर्क नाहीच, आणि असतं तरी विंडोज ९८ बोलते ती एसएमबी या फाइल-सामायिकीच्या पद्धतीची पहिली आवृत्ती. सुरक्षेच्या कारणाने ती आज सगळीकडे मुळातच बंद असते: लिनक्सवर ती पद्धत पुरवणाऱ्या सांबाने २०१९ च्या ४.११ आवृत्तीपासून, विंडोज १० ने १७०९ पासून. ती फक्त यासाठी होस्टवर उघडणं मला पटत नाही.

आत न्यायला आयएसओ, म्हणजे सीडीची इमेज. होस्टवर फोल्डरची इमेज बनवायची, जोलिएट विस्तार चालू ठेवायचा म्हणजे लांब नावं तुटत नाहीत, आणि गेस्टला सीडी म्हणून दाखवायची. हा मार्ग एकेरी आहे, आणि तेच चांगलं. गेस्टकडून मूळ फाइली बदलल्या जाण्याची शक्यताच उरत नाही.

बाहेर आणायला दुसरी डिस्क, ५१२ एमबीची, आणि तिची इमेज मात्र कच्ची, क्यूकाऊ२ नाही. कच्ची इमेज होस्टवर थेट माउंट करता, म्हणजे फोल्डरासारखी उघडता, येते. एफडिस्क पहिला विभाग ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतो. सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणून विभागाची सुरुवात ३२,२५६ व्या बाइटवर. हा आकडा ऑफसेट म्हणून दिला की लिनक्स ती डिस्क उघडून दाखवतं. एकच पथ्य: गेस्ट बंद असतानाच माउंट करायची. दोन प्रणाली एकाच वेळी एका फॅट विभागावर लिहू लागल्या तर दोघींचाही तक्ता बिघडतो.

तारखांकडेही लक्ष दिलं. फॅटमध्ये वेळ स्थानिक आणि दोन सेकंदांच्या पटीत साठवलेली असते, कुठला कालविभाग ते कुठेच लिहिलेलं नसतं. होस्टने तिला स्वतःचा विभाग जोडला तर तासांचा फरक पडून मध्यरात्रीची फाइल आदल्या दिवसाची दिसू शकते. माझ्यासाठी हे महत्त्वाचं आहे, कारण काही अंकांचा क्रम फक्त फाइलींच्या तारखांवरून लागणार आहे. म्हणून माउंट करताना कालविभाग यूटीसी दिला आणि तारखाही यूटीसीतच पाहिल्या, म्हणजे आत लिहिलेली वेळ आहे तशी दिसते.

७ फेब्रुवारी

मांडणी-प्रोग्राम बसवला. फ्लॉपीच्या इमेज क्यूएमूच्या मॉनिटरमधून (त्याच्या आज्ञा द्यायच्या खिडकीतून) एकामागून एक बदलत गेले. १६-बिट स्थापकाला ‘पुढची डिस्क घाला’ एवढंच कळतं आणि ते इथे व्यवस्थित होतं.

फॉन्ट बसवताना हात आखडता ठेवला. खोक्यातल्या डिस्कवर फॉन्टचा मोठा साठा आहे, पण विंडोज ९८ मध्ये बसवलेल्या ट्रूटाइप फॉन्टची यादी रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीच्या) ज्या कप्प्यात राहते त्याला ६४ केबीची मर्यादा आहे, त्यामुळे साधारण हजाराच्या आसपास यादी भरते. प्रत्येक अंक कुठले फॉन्ट मागतो ते पाहून तेवढेच घातले. एकाच नावाच्या दोन फॉन्ट-फाइली सापडल्या, आकार वेगळा. अंकांच्या काळाशी जिची तारीख जुळते ती ठेवली.

पहिली फाइल संध्याकाळी उघडली, संपादक शेजारीच बसले होते. फॉन्ट सापडत नसल्याची खिडकी आली नाही. पान आलं: तीन रकाने, मधोमध चौकट, तळाशी पानाचा क्रमांक. ते बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, “ही चौकट मी रात्रीतून हलवली होती. छापील अंकात ती वर होती.” म्हणजे डिस्कवर जे आहे ते छपाईला गेलेलं शेवटचं रूप असेलच असं नाही. मी त्यांना विचारलं, “मग कुठलं रूप ठेवायचं, सर?” त्यांचं उत्तर लगेच आलं, “दोन्ही ठेव. कुठलं कुठून आलं ते लिही.” तसंच करणार. छापील प्रत आहे त्या अंकांचं स्कॅन वेगळं, फाइलीतून आलेलं पान वेगळं, आणि दोन्हींच्या नोंदीत तसा उल्लेख.

८ फेब्रुवारी

पानं पीडीएफमध्ये आणायची आहेत. विंडोज ९८ मध्ये पीडीएफ प्रिंटर नाही, पण पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी छपाईची भाषा) लिहिणारा ड्रायव्हर आहे, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकल्पातला सगळ्यात देखणा दुवा हाच. ॲपल लेझररायटरचा ड्रायव्हर सीडीतूनच बसवला आणि त्याला एलपीटी१ या पॅरलल पोर्टवर ठेवलं. क्यूएमूला सांगता येतं की गेस्टच्या पॅरलल पोर्टवर जे येईल ते होस्टवरच्या एका फाइलीत लिही. गेस्टला वाटतं कागद छापला, होस्टवर पोस्टस्क्रिप्ट तयार, आणि घोस्टस्क्रिप्ट त्याची पीडीएफ करतं. मधे एकही जोडणी करावी लागत नाही.

पहिल्या पीडीएफमध्ये मथळे धारदार होते आणि मजकूर मात्र मोठा करून पाहिला की कडांना पायऱ्या. कारण ड्रायव्हरच्या फॉन्ट विभागात सापडलं. तिथे एक उंबरठा असतो, १०० पिक्सेल. त्यापेक्षा लहान अक्षर ठिपक्यांच्या चित्रात पाठवायचं, मोठं असेल तर बाह्यरेषेत. ३०० डीपीआयला १० पॉइंटचं अक्षर जेमतेम ४२ पिक्सेल भरतं, २४ पॉइंटचं बरोबर १००. म्हणून मथळे रेषेत गेले आणि मजकूर ठिपक्यांत. कमी मेमरीच्या प्रिंटरसाठी ती सोय शहाणपणाची होती. उंबरठा अगदी खाली आणला, फॉन्ट नेहमी बाह्यरेषेत पाठवायला सांगितले, आणि प्रिंटरमधल्या फॉन्टऐवजी नेहमी ट्रूटाइपच वापरायला लावले. हे शेवटचं केलं नाही तर ड्रायव्हर एरियलच्या जागी हेल्व्हेटिका ठेवून मोकळा होतो, आणि कुठे बदल झाला ते पानावर सहज दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. पॅरलल पोर्टच्या फाइलीत सगळी छपाई एकामागून एक साठत जाते. ड्रायव्हर प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर कंट्रोल-डी पाठवतो, म्हणजे ४ या मूल्याचा एक बाइट. डेटा एएससीआयआय प्रकारात ठेवला असल्याने हा बाइट पानाच्या आत कुठेच येत नाही. त्याच खुणेवर फाइल तोडणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. आता एका बैठकीत अनेक अंक छापायला देता येतात आणि बाहेर प्रत्येकाची वेगळी पीडीएफ पडते.

१४ फेब्रुवारी

अंक छापून काढणं सुरू आहे. उरलेल्या छापील प्रतींशी ताडून पाहिलं, ओळी त्याच शब्दावर तुटतात. एका अंकात दोन ओळींचा फरक निघाला. त्या अंकासाठी फॉन्टची दुसरी, त्याच नावाची फाइल घातल्यावर जुळला. अक्षरांची रुंदी किंचित वेगळी असली तरी रकान्याच्या शेवटापर्यंत फरक साठत जातो. फॉन्टच्या दोन्ही फाइली आता अंकांच्या नावानिशी वेगळ्या ठेवल्या आहेत.

पीडीएफमधला मजकूर शोधता येत नाही, हे अपेक्षितच होतं. फॉन्ट यूनिकोडपूर्व आहेत. अक्षरांचे आकार त्यांनी इंग्रजी अक्षरांच्या आकड्यांवर बसवले होते, त्यामुळे कॉपी केलं की भलतंच काहीतरी येतं. डोळ्यांना पान बरोबर दिसतं, संगणकाला ते वाचता येत नाही. मजकुराचं यूनिकोड रूपांतर हे स्वतंत्र काम आहे, त्यासाठी प्रत्येक फॉन्टचा तक्ता लागेल. मांडणी-प्रोग्राममधून साधा मजकूर बाहेर काढून तोही पीडीएफशेजारी ठेवला, म्हणजे रूपांतर करणाऱ्याला पुन्हा विंडोज ९८ पर्यंत यावं लागणार नाही.

२१ फेब्रुवारी

मशीन जपून ठेवण्याची तयारी. मूळ डिस्क इमेजमध्ये प्रणाली, पॅच, ड्रायव्हर, प्रोग्राम आणि फॉन्ट. तिला फक्त वाचण्यापुरती परवानगी दिली. रोजच्या कामासाठी तिच्यावर आधारलेली वेगळी इमेज. काही बिघडलं तर वरची इमेज टाकून नवी बनवायची, खालची जशीच्या तशी राहते. मूळ इमेजची एक प्रत कच्च्या स्वरूपातही काढली. क्यूकाऊ२ वाचणारं साधन पुढे असेल-नसेल, कच्च्या इमेजला सेक्टर मोजता आले की पुरतं.

मशीन सुरू करायची स्क्रिप्ट शेजारीच ठेवली, आणि तिच्यातल्या प्रत्येक पर्यायापुढे कारण लिहिलं: २५६ एमबीच का, घड्याळ स्थानिक का, नेटवर्क का नाही. कारण लिहिलेलं नसेल तर पुढे कुणीतरी भल्या हेतूने मेमरी दोन जीबी करेल आणि मशीन उठणारच नाही. किल्लीच्या कागदाचा फोटो, सीडी आणि फ्लॉपींच्या इमेज, पॅचची फ्लॉपी, सगळ्यांचे शा-२५६, सगळं एका फोल्डरात.

खात्री म्हणून सगळं दुसऱ्या होस्टवर नेऊन सुरू केलं. तो इंटेलचा, ग्राफिक्स वेगळं, लिनक्सची आवृत्तीही वेगळी. आतल्या विंडोज ९८ ला काहीच बदललेलं दिसलं नाही. तिच्यासाठी तोच सिरस, तोच लेझररायटर. तिथे एक अंक उघडून छापला आणि दोन्ही होस्टवरच्या पोस्टस्क्रिप्ट फाइली ताडल्या. फरक फक्त वरच्या तारखेच्या ओळीत होता.

दोन फाइली अजून उघडत नाहीत. प्रोग्राम म्हणतो, नव्या आवृत्तीत जुळवलेल्या आहेत. ती आवृत्ती कुठल्या डिस्कवर होती ते संपादक शोधत आहेत. सापडली तर वरच्या इमेजवर बसवून पाहायची, मूळ इमेजला न धक्का लावता.